युरोपचे कोविड प्रमाणपत्र : सहकार्याचा नमुना की नवी वेस?

मंदार : मार्च २०२० मध्ये इटली मदतीसाठी हाक मारत असताना जर्मनी आणि फ्रान्स यांनी मास्कच्या निर्यातीवर निर्बंध घातले होते, आणि पाठोपाठ संघातील अनेक देशांनी आपापल्या सीमा बंद केल्या. त्याच युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून सत्तावीस सदस्य देशांत एकच प्रवास-प्रमाणपत्र लागू केले, ही मला त्या काळातील सहकार्याची सर्वांत मोठी कमाई वाटते. लसीकरण, निगेटिव्ह चाचणी किंवा आजारातून बरे झाल्याची नोंद, यांपैकी काहीही एक असले तरी ते प्रमाणपत्र मिळे. ते मोफत होते आणि कागदावरही चालत असे. त्यातील क्यूआर कोडवरची डिजिटल स्वाक्षरी अस्सल आहे की नाही, हे कोणत्याही सदस्य देशात तपासता येई. संघाच्या सामाईक यंत्रणेतून फक्त ती स्वाक्षरी पडताळण्याच्या डिजिटल किल्ल्या, म्हणजे सांकेतिक संख्या, जात, नागरिकाच्या आरोग्याची माहिती जात नसे. आरोग्यव्यवस्था हा सदस्य देशांच्याच अखत्यारीतील विषय असूनही हे जमले. पुढे पन्नासावर बिगर-सदस्य देश व प्रदेश या व्यवस्थेला जोडले गेले, आणि जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती स्वीकारली.

शुभदा : मंदार, तंत्राबद्दल तुमच्याशी माझा वाद नाही. परंतु युरोपच्या औषध संस्थेने मंजूर केलेल्या लसी मान्य करणे सदस्य देशांना बंधनकारक होते, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतील इतर लसी मान्य करणे ऐच्छिक होते. पुण्यात तयार होणारी कोविशील्ड फेब्रुवारी २०२१ पासून त्या दुसऱ्या यादीत होती. ती मूळची ऑक्सफर्डचीच लस, आणि ॲस्ट्राझेनेकाच्या नावाने युरोपात मंजूरही झालेली. तरीही प्रवेशासाठी प्रत्येक देशाचे दार स्वतंत्रपणे ठोठवावे लागले. गरीब देशांना लस पुरवणाऱ्या ज्या कोव्हॅक्स या जागतिक योजनेला युरोपीय संघाने भरघोस निधी दिला, तिच्यातून आफ्रिकेत गेलेल्या डोसांमध्ये कोविशील्डचा मोठा वाटा होता. दान म्हणून योग्य ठरलेली लस ती घेतलेला माणूस सीमेवर आला की अपुरी ठरते, याला सहकार्य कसे म्हणायचे?

अनिरुद्ध : शुभदाताई, औषध संस्था केवळ सूत्राला मान्यता देत नसते, उत्पादन कोणत्या कारखान्यात, कोणत्या प्रक्रियेने होते, हेही ती तपासते. लस हे जैविक उत्पादन असल्यामुळे प्रक्रियेतील लहान फरकही महत्त्वाचा ठरू शकतो. कोविशील्डला त्या वेळी युरोपची विक्री-परवानगीच नव्हती. तरीही जर्मनी, ऑस्ट्रिया, स्पेन, ग्रीस यांसारख्या देशांनी जुलैच्या सुरुवातीपर्यंत तिला मान्यता दिली, म्हणजे नियमाने ठेवलेली मोकळीक उपयोगी पडली.

शुभदा : ती मोकळीक हाच माझा आक्षेप आहे. ब्रिटननेही पुण्यात तयार झालेले डोस आपल्या नागरिकांना दिले होते, आणि जुलै २०२१ मध्ये मॉल्टाला निघालेल्या एका ब्रिटिश दांपत्याला केवळ त्या खेपेचा डोस घेतल्यामुळे विमानात चढू दिले गेले नाही. ब्रिटिश नियामकाने तपासून दिलेली लसही तिथे चालली नाही. मग पुणे-मुंबईहून शिक्षणासाठी निघालेल्या मुलांनी कोणता भरवसा धरायचा?

रोहिणी : माझी चिंता वेगळी आहे. प्रवास सुकर व्हावा म्हणून आणलेल्या या कागदावर इटलीने १५ ऑक्टोबर २०२१ पासून कामाच्या ठिकाणचा प्रवेशही अवलंबून ठेवला. फ्रान्समध्ये त्याआधीच कॅफे-रेस्टॉरंटसाठी असाच पास लागत होता. प्रवास टाळणे एक वेळ शक्य असते, रोजगार टाळणे शक्य नसते. शिवाय ओमायक्रॉन आल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये इटलीने संघातून येणाऱ्या लसवंतांकडूनही चाचणीचा अहवाल मागितला, तेव्हा एका प्रमाणपत्रावर सर्वत्र जाता येईल हे आश्वासन सहा महिनेही टिकले नाही.

मंदार : रोहिणी, इटलीने आणि फ्रान्सने घातलेल्या देशांतर्गत अटी त्यांच्या स्वतःच्या कायद्यांतून आल्या, संघाच्या नियमाने त्या सक्तीच्या केल्या नव्हत्या. शुभदा, तुमच्या मुद्द्यावर मात्र उपाय सांगणे अवघड आहे. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने स्वीकारलेल्या महासाथ करारातही, प्रवाशांना प्रवेश द्या किंवा नाकारा असा आदेश देण्याचा अधिकार जागतिक आरोग्य संघटनेला नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. सार्वभौम देशांवर यापेक्षा अधिक बंधन कोण घालणार?

शुभदा : पीतज्वराच्या लसीबाबत ते बंधन सर्व देशांनी आधीच स्वीकारले आहे. लस कोणत्याही देशात तयार झालेली असो, तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता असेल आणि प्रमाणपत्र विहित नमुन्यातील असेल, तर आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनुसार ते ग्राह्य धरले जाते, आणि २०१६ पासून त्याची वैधता आयुष्यभर आहे. तिथे कुणाचे सार्वभौमत्व बुडालेले नाही. युरोपने आपल्या नियमात ‘मान्य करू शकतील’ ऐवजी ‘मान्य करतील’ एवढा बदल करण्याची तयारी पुढच्या साथीपूर्वी दाखवावी, एवढीच माझी मागणी आहे.