तिसरा रोबॉट चढला की चार्ज स्टेशन का कलतं?

सहाचाकी
एफआरसी या रोबॉट स्पर्धेच्या २०२३ च्या खेळातलं (चार्ज्ड अप) चार्ज स्टेशन, म्हणजे रोबॉटनी चढून तोल साधायचा झुलता मंच, सरावाला उभारलंय. आमचा टँक ड्राइव्ह (चाकं वळत नाहीत, डावी-उजवी बाजू वेगळी चालते): मधली दोन चाकं ट्रॅक्शनची (घट्ट पकडीची), कोपऱ्यांत ओम्नी (परिघावर रोलर, म्हणून बाजूलाही सरकणारी). जोडीला एक मेकॅनम (चाकांवर तिरके रोलर), एक स्वर्व्ह (प्रत्येक चाक स्वतंत्र वळणारा). दोघांत जमतं, तिसरा घुसला की कडेचा मेकॅनम बाजूला ढकलला जातो. शिवाय सामन्याची वेळ संपल्यावर सगळंच हळूहळू कलतं. टायर बदलू का?

घर्षणगुणांक
आधी बघा, चाक घसरतंय की फिरतंय. वेळ संपल्यावर कलतं म्हणजे बहुतेक फिरतंय. ब्रेक मोडमध्ये मोटरच्या तारा शॉर्ट होतात. विरोध चाक फिरू लागल्यावरच येतो. म्हणून उतारावर रोबॉट ओघळतो. पोझिशन होल्डही (मोटरने चाक जागीच धरून ठेवणं) रोबॉट डिसेबल झाला, म्हणजे वेळ संपून मोटर बंद झाल्या, की सुटतो. स्वर्व्हने चाकं एक्सच्या आकारात तिरकी लावली की हा प्रश्नच उरत नाही. टँकने उताराला आडवं उभं राहावं, पण तुमच्या ओम्नी तेव्हा रोलरवर सरकतील आणि सगळी पकड मधल्या दोन चाकांवर येईल. मधलं चाक ३ मिमी खाली असेल तर चारही ओम्नी काढा, सगळी ट्रॅक्शनची लावा. वळायला फारसं जड जात नाही.

बंपर_टू_बंपर
वरच्याशी सहमत. मेकॅनमबद्दल: चारही चाकं जाम असली तरी प्रत्येक चाक फक्त रोलरच्या अक्षाच्या दिशेने धरतं, म्हणून पकड साधारण ७० टक्केच. भार एकाच कर्णावरच्या दोन चाकांवर आला तर तीही जाते. त्याला कडेला ठेवूच नका. क्रम: टँक एका टोकाला, शेजारी मेकॅनम, शेवटी स्वर्व्ह. तिघांची बंपरसकट रुंदी मोजा. स्टेशन ८ फूट, म्हणजे सरासरी ३२ इंच. टँक आडवा केला तर त्याची लांबी धरा. बंपर थोडा बाहेर लोंबला तर चालतं.

तोल फक्त शेवटच्याने साधायचा. दोघांचे ऑटो-बॅलन्स कोड एकदम चालू राहिले तर स्टेशन झुलतच राहतं. वजन गुणिले बिजागरीपासूनचं अंतर दोन्हीकडे सारखं हवं: ६० किलो ३० सेंमीवर, तर ५० किलो ३६ सेंमीवर. सूट अडीच अंशांचीच. एंगेज्ड (वर चढून स्टेशन सपाट) झालात तर प्रत्येकी १० गुण, नुसते डॉक्ड (वर चढलेले, पण स्टेशन कललेलं) तर ६, त्यामुळे तिसऱ्यासाठी दोघांचा तोल घालवणं परवडत नाही.

घर्षणगुणांक
टायरची शंका तरीही असेल तर मोजा. चाकं जाम करून रोबॉट स्टेशनवर सपाट ठेवा, स्प्रिंग काट्याने ओढा. सरकायला लागलेलं बल भागिले वजन म्हणजे घर्षणगुणांक. १५ अंशांच्या उताराला ०.२७ पुरतं, पण शेजाऱ्याचा धक्का धरला तर दुप्पट तरी हवं. कमी आलं तर आधी ट्रेड (चाकाचा रबरी पट्टा) आणि स्टेशन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बऱ्याचदा धूळच असते.