मदत हवी आहे: नऊ वर्षांचा एसएमपीएस अजून चालतोय, पण बदलायची वेळ झाली का?

नमस्कार मंडळी,

माझ्या डेस्कटॉपमधला एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, नऊ वर्षांचा झाला. ५५० वॉट, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज किती कमी वाया जाते त्याचा बिल्ला), मॉड्युलर (केबली सुट्या काढता येतात असा). पाच वर्षांची वॉरंटी होती, ती केव्हाच संपली. दोन वर्षांपूर्वी मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं नवं घेतलं. कॅबिनेट आणि हा एसएमपीएस तेवढे जुने राहिले. त्रास कधी दिला नाही, म्हणून लक्षही दिलं गेलं नाही.

गेल्या दीड-दोन महिन्यांत मात्र दोन गोष्टी सुरू झाल्या आहेत.

सकाळी बटण दाबलं की पंखे अर्धी गिरकी घेतात, आतून बारीक ‘टक्’ असा आवाज येतो आणि सगळं थांबतं. पुन्हा दाबलं की पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या वेळी चालू होतो आणि मग रात्रीपर्यंत काही तक्रार नाही. दुपारी बंद करून लगेच चालू केला, तर पहिल्याच दाबात लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे लाइट गेली की यूपीएसवर जाताना कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. पूर्वी लाइट गेल्याचं कॉम्प्युटरला कळतही नसे. आणि हे गेम चालू असतानाच होतं असं नाही, नुसता ब्राउझर उघडा असला तरी होतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ ची नोंद दिसते, पण कॉम्प्युटर नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला एवढंच ती सांगते. का, ते नाही.

पॉवर केबल बदलून पाहिली, सॉकेट बदलून पाहिला, धूळ काढली, बायॉसचा सेल नवा घातला. एसएमपीएसमधून निघालेल्या एका मोकळ्या मोलेक्स कनेक्टरवर (चार तारांचा वीजजोड) मल्टिमीटर लावला. पिवळ्या-काळ्या तारेवर काही चालू नसताना १२.०६ व्होल्ट, ग्राफिक्स कार्डवर ताण दिल्यावर ११.७८. लाल तारेवर ५.०२. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ व्होल्टला ११.४० ते १२.६०. त्या हिशेबाने सगळं मर्यादेत आहे. घोडं इथेच अडलंय. आकड्यांवर विश्वास ठेवू की लक्षणांवर?

एवढी धाकधूक वाटण्याचं कारण वेगळं आहे. आतल्या हार्ड डिस्कवर माझ्या वडिलांच्या आवाजातल्या गप्पा आहेत, जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या. वडील आता नाहीत आणि कॅसेट बुरशी लागून गेल्या. दुसरी प्रत आहे, पण तीही त्याच कॅबिनेटमधल्या दुसऱ्या डिस्कवर.

एसएमपीएस पुरता बंद पडेपर्यंत थांबायला हरकत आहे का? मला सोल्डरिंग येतं, तर उघडून आतले कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) बदलू का? आणि नवा घ्यायचाच झाला तर जास्त वॉटचा घ्यावा का?

प्रतिसाद १

आधी त्या गप्पांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून बाजूला ठेवा. बाकी सगळं नंतर. एसएमपीएस जाताना भलताच व्होल्टेज सोडून गेला, तर एकाच कॅबिनेटमधल्या दोन्ही डिस्क एकदम जातील.

तुमचे आकडे बरोबर आहेत, पण मल्टिमीटर सरासरी दाखवतो. १२ व्होल्टच्या लाइनवर जो बारीक थरथराट असतो, ज्याला रिपल म्हणतात, तो १२० मिलिव्होल्टच्या आत लागतो आणि तो पाहायला ऑसिलोस्कोपच (व्होल्टेजचे क्षणाक्षणाचे चढउतार पडद्यावर दाखवणारं यंत्र) हवा. त्यामुळे मीटर छान दाखवत असूनही एसएमपीएस थकलेला असू शकतो.

सकाळचा प्रकार कपॅसिटरकडे बोट दाखवतो. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधला द्रव उष्णतेने हळूहळू आटतो. असा कपॅसिटर गार असताना आणखी दुबळा होतो, जरा गरम झाला की निभावून नेतो. दुपारी लगेच चालू होतो तो म्हणूनच. मदरबोर्डमुळेही असं होऊ शकतं, पण तुमचा बोर्ड दोनच वर्षांचा आहे.

मला जास्त बोलकी वाटली ती यूपीएसची गोष्ट. वीज तुटल्यावर एटीएक्सच्या, म्हणजे डेस्कटॉपच्या एसएमपीएससाठी ठरलेल्या मानकाच्या, नियमाप्रमाणे एसएमपीएसने साधारण १६ मिलिसेकंद तग धरायला हवा. साधे यूपीएस बॅटरीवर यायला बहुधा १० मिलिसेकंदांहून जास्त घेत नाहीत. ती फट आतला मोठा कपॅसिटर साठवलेल्या विजेवर भरून काढतो. ताण जास्त असताना तो लवकर रिकामा होतो हे समजू शकतं, पण नुसत्या ब्राउझरवरही धरत नसेल, तर त्याच्यात फारसं काही उरलेलं नाही. अर्थात दोष यूपीएसचाही असेल. दुसरा एखादा कॉम्प्युटर त्याच यूपीएसवर चालू करा आणि यूपीएसचा प्लग काढून पाहा. तो टिकला, तर उत्तर मिळालं.

नुसत्या वयावर मी कोणाला बदलायला सांगत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की या कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, त्यामुळे गारव्यात चाललेला एसएमपीएस दहा वर्षंही ठणठणीत असतो आणि कोंडलेल्या कॅबिनेटमधला पाचव्या वर्षीच मान टाकतो. पण वॉरंटी संपलेली आणि वर दोन-दोन लक्षणं, इथे थांबू नये.

प्रतिसाद २

सोल्डरिंग येतं म्हणालात म्हणून मुद्दाम लिहिते: कृपा करून उघडू नका. आतल्या मुख्य कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तसेच राहतात. एसएमपीएसच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी तार एकमेकींना जोडून तो नुसताच चालू करून बघायची चाचणी कोणी सुचवली, तर तिच्यावरही भिस्त ठेवू नका. एसएमपीएस सुरू होतो एवढंच त्यातून कळतं.

५५० वॉट आजवर पुरत असतील, तर ६५० पुष्कळ झाले. ८० प्लसचा बिल्ला किती वीज वाया जाते तेवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते सांगत नाही. वॉरंटी सात किंवा दहा वर्षांची आहे का ते बघा, आणि त्या मॉडेलची ऑसिलोस्कोप लावून केलेली परीक्षणं वाचा.

आणि तुमचा मॉड्युलर आहे म्हणून सगळ्यात महत्त्वाचं: जुन्या केबली नव्या एसएमपीएसला लावू नका, कंपनी तीच असली तरी. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम ठरलेला नसतो. केबल खटकन बसते, आणि पाच व्होल्टच्या जागी बारा जातात. माझी एक डिस्क अशीच गेली. केबली आधीच ओढून ठेवलेल्या होत्या, त्या पुन्हा कोण ओढणार म्हणून तशाच लावल्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बहिणीचा कॉम्प्युटर त्याच यूपीएसवर लावून पाच वेळा प्लग काढला, पाचही वेळा टिकला. माझा तिन्ही वेळा रीस्टार्ट झाला. नवा ६५० वॉटचा मागवला आहे, तो येईपर्यंत कॉम्प्युटर बंदच ठेवणार आहे.

गप्पांची प्रत काल रात्री घेतली. प्रत झाल्यावर मधलीच एक फाइल उघडून ऐकली, नीट वाजली. ती डिस्क आता कपाटात आहे. जुन्या केबली एकूण एक सोडवून जुन्या एसएमपीएसला बांधून ठेवल्या, म्हणजे नवा जोडताना एकही हाताशी येणार नाही.