सेंट फ्रान्सिस झेवियर यांची सही कशी होती? मुलाने विचारलं, मला सांगता आलं नाही

निर्मळचा_शेतकरी

नमस्कार मंडळी. आम्ही वसईचे. डिसेंबर २०२४ मध्ये घरचे सगळे जुन्या गोव्याला गेलो होतो, सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या, शवदर्शनाला. बॉम जेझू चर्चमधून त्यांच्या देहाची पेटी से कॅथेड्रलमध्ये आणतात, तिथे रांग होती, ऊन होतं, आईचे गुडघे दुखत होते पण ती खुर्चीवर बसायलाच तयार नव्हती. शेवटी काचेपाशी पोचलो, मिनिटभरही थांबता आलं नाही, पाया पडून पुढे सरकलो. मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला सध्या सहीचं वेड लागलंय, प्रत्येक वहीच्या मागच्या पानावर स्वतःची सही गिरवत बसतो. तर बाहेर आल्यावर पाणी पिता पिता त्याने विचारलं, पप्पा, सायबाची सही कशी होती? मी गप्पच झालो. लहानपणापासून नवेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करतोय, ३ डिसेंबरचा सण चुकवत नाही, पण हा माणूस कागदावर नाव कसं लिहायचा हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्याचा दुसरा प्रश्न असा की बिशपांचं पत्र चर्चमध्ये वाचतात त्याखाली त्यांच्या नावाआधी अधिकचं चिन्ह का असतं. कोणाला माहिती असेल तर नीट सांगा, मला त्याला खरं उत्तर द्यायचंय.

कागदपत्रवाला

फार चांगला प्रश्न विचारलाय पोराने. त्यांची पत्रं शिल्लक आहेत आणि बहुतेक पत्रांखाली नुसतं "फ्रान्सिस्को" अशी सही आहे. पण सह्यांचा विषय काढलाच आहे तर त्याला ही गोष्ट नक्की सांगा, कारण मला स्वतःला झेवियर कळले ते यातून.

झेवियर आणि ज्यांना ते पत्रं लिहायचे ते मूळचे पॅरिसमधले कॉलेजमित्र. इग्नेशियस लोयोला वयाने बरेच मोठे, लढाईत पाय मोडलेला माणूस, आणि झेवियर आजच्या स्पेनमधल्या नावारच्या जमीनदार घरातला तरुण. १५ ऑगस्ट १५३४ ला सात जणांनी मोंमार्त्रच्या टेकडीवर व्रत घेतलं, पुढे त्यातूनच येशूसंघ, म्हणजे जेझुइट फादरांचा संघ, झाला. मार्च १५४० मध्ये झेवियर रोममधून निघाले, जायचं दुसऱ्याच कोणीतरी होतं, तो आजारी पडला म्हणून एका दिवसाच्या तयारीत हे निघाले. एप्रिल १५४१ ला लिस्बनहून जहाज सुटलं, मोझांबिकला मुक्काम पडला आणि ६ मे १५४२ ला गोव्यात उतरले, म्हणजे नुसता प्रवास तेरा महिन्यांचा. रोमच्या मित्रांची परत भेट झाली नाही. मग उरलं काय तर पत्रं, आणि पत्रंही कशी, लिस्बनहून वर्षातून एकदाच जहाजांचा ताफा निघायचा आणि पाच-सहा महिन्यांनी गोव्याला लागायचा, त्यात झेवियर तोवर मलाक्काला नाहीतर अजून पुढे गेलेले असायचे. एका पत्राचं उत्तर हातात पडायला वर्षंच्या वर्षं जायची.

मे १५४६ मध्ये आंबोन बेटावरून त्यांनी मित्रांना लिहिलंय की तुमच्या पत्रांमधली तुम्ही तुमच्या हाताने लिहिलेली नावं मी कापून घेतली आहेत आणि माझ्या व्रताच्या कागदासोबत कायम जवळ बाळगतो. विचार करा, कुठलं आंबोन, मसाल्यांच्या बेटांवर, आजच्या इंडोनेशियात, भाषा कळत नाही, ओळखीचं माणूस नाही, आणि अंगावर ह्या कापलेल्या सह्या. नातेवाइकांची पत्रं आपणही ठेवतो पण त्यातलं फक्त नाव कापून घेणं, ते सुद्धा ज्याने अंगावरचं सोडून काहीच जवळ ठेवलं नाही अशा माणसाने, हे मला फार मोठं वाटतं.

निर्मळचा_शेतकरी

हे माहीतच नव्हतं. मुलाला वाचून दाखवलं, तो म्हणतो त्यांनी कात्री कुठून आणली. इग्नेशियसची सही कशी असायची तेही सांगा ना.

कागदपत्रवाला

त्यांचं मूळ नाव इनिगो. जुन्या पत्रांखाली इनिगोच आहे, पुढे इग्नेशियस धरलं, स्पॅनिशमध्ये इग्नासिओ. त्यांची जवळजवळ सात हजार पत्रं शिल्लक आहेत, बरीचशी सेक्रेटरीने लिहिलेली. पण झेवियरना आलेल्या एका पत्राचा शेवट त्यांनी असा केला होता, "पूर्णपणे तुझाच, तुला कधीही विसरू न शकणारा, इग्नासिओ." जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून झेवियरनी उत्तर लिहिलं त्यात ते म्हणतात की हे शब्द मी रडत वाचले आणि आता रडतच लिहितोय. आणि जून १५५३ मध्ये इग्नेशियसनी रोमहून त्यांना परत या असं पत्र लिहिलं. झेवियर ३ डिसेंबर १५५२ लाच चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर वारले होते, वय फक्त शेहेचाळीस. रोमला कळलंच नव्हतं. तिकडे सहा महिने होऊन गेले आणि इकडे परत ये म्हणून सही होतेय.

इतिहासाची_विद्यार्थिनी

वरचं सगळं खरं आहे आणि मलाही ते भिडतं, पण एक गोष्ट राहू नये म्हणून लिहितेय. त्याच आंबोनवरून, त्याच मे १५४६ मध्ये, म्हणजे सह्या कापून ठेवल्याचं लिहिलं त्यानंतर काही दिवसांतच, झेवियरनी पोर्तुगालच्या राजाला, तिसऱ्या जुआंवला, पत्र लिहिलंय आणि त्यात भारतात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, स्थापन करावं अशी मागणी केलीय. त्या पत्राखालीही तीच सही. इन्क्विझिशन गोव्यात आलं १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. त्यात किती घरं उद्ध्वस्त झाली, किती जणांना घर सोडून पळावं लागलं हे आमच्याकडे अजून सांगितलं जातं. माझ्या आजोळची माणसं देव घेऊन नदीपलीकडे गेलेली आहेत, त्यामुळे मी हे बाजूला ठेवू शकत नाही. तुमच्या श्रद्धेला बोट लावायचं नाही. मुलगा मोठा झाला की त्याला दोन्ही पत्रं सांगा एवढीच विनंती, दोन्ही एकाच माणसाने एकाच बेटावर लिहिलीत.

निर्मळचा_शेतकरी

ताई, बरं केलंत लिहिलंत. आमच्या घरात हे कोणी बोलत नाही, मला अर्धवट ऐकून माहीत होतं, राजाचं पत्र माहीत नव्हतं. आत्ता त्याला कळणार नाही, पण मी सांगेन. लपवणार नाही.

पाद्री_काकांचा_पुतण्या

अधिकच्या चिन्हाचं राहिलंच. तो क्रूस आहे. कॅथलिक बिशप सही करताना नावाआधी छोटा क्रूस काढतात, फार जुनी रीत आहे. साध्या फादरांच्या सहीत तो नसतो, त्यामुळे दाखल्यावर क्रूस दिसला की बिशपांची सही हे चटकन कळतं. जेझुइट फादर नावामागे एस. जे. लावतात, ती येशूसंघाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, लोकांत तर बिशप आडनावच टाकून देतात, पहिलं नाव आणि पुढे धर्मप्रांताचं लॅटिन नाव आखूड करून, म्हणजे कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स "रोवन कँटुआर" अशी सही करायचे. माणसाचं घराणं जातं आणि गाव चिकटतं. पोपचंही तसंच, सही लॅटिनमध्ये, जन्माचं नाव कुठेच नाही. जॉन पॉल दुसरे "योआनेस पाउलुस" लिहून पुढे पी. पी. (म्हणजे पोप) आणि आकडा घालायचे. पोप फ्रान्सिस, जे येशूसंघातले पहिलेच पोप, ते नुसतं "फ्रान्सिस्कुस" लिहायचे आणि ते सुद्धा इतकं बारीक की भल्या मोठ्या कागदाच्या तळाशी मुंगी बसल्यासारखं दिसतं. मुलाला दोघांच्या सह्या शेजारी शेजारी ठेवून दाखवा, मजा वाटेल त्याला.

मांडवीकाठची

मी गोव्याचीच, बॉम जेझूपासून वीस मिनिटांवर घर. शवदर्शनाला गेलात तेव्हा उजवा हात दिसला नसेल तुम्हाला, कारण तो तिथे नाहीच आहे. १६१४ मध्ये येशूसंघाच्या प्रमुखांच्या आज्ञेवरून कोपरापासून खालचा हात काढून रोमला नेला. आमची आजी सांगायची, ज्या हाताने बाप्तिस्मा दिला तो हात. पण तुमच्या मुलाचा प्रश्न वाचल्यापासून माझ्या डोक्यात दुसरंच चाललंय, तो लिहायचाही हात होता. फ्रान्सिस्को ही सही त्याच हाताची, मित्रांच्या पत्रांखालची आणि राजाच्या पत्राखालचीही. तो हात आता रोमच्या जेझू चर्चमध्ये आहे, आणि इग्नेशियसची कबरही त्याच चर्चमध्ये आहे.

निर्मळचा_शेतकरी

अंगावर काटा आला वाचून. माझी मावसबहीण रोमला नर्स आहे. तिला रविवारी सुट्टी असते, तिला सांगतो फोटो काढून पाठव म्हणून. चर्चमध्ये गेल्यावर नेमकं कुठे बघायचं?

कागदपत्रवाला

मुख्य दाराने आत शिरायचं आणि सरळ चालत घुमटाखाली जाऊन वेदीकडे तोंड करून उभं राहायचं. डावीकडे इग्नेशियसची वेदी, कबर तिथेच. उजवीकडे बरोबर समोर झेवियरची वेदी, हात तिथे आहे. दोन्ही एका फोटोत येत नाहीत, दोन काढायला सांगा.