मदत हवी आहे: मुलांसोबत सायकलवर पानशेत रस्ता, पण दुपारच्या विजांचं काय?

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी आम्ही चौघं पुण्याहून सायकलवर पानशेतच्या दिशेने निघालो. मुलगी दहा वर्षांची, धाकटा माझ्या मागच्या सीटवर. खडकवासल्याला लख्ख ऊन होतं, मुलांनी कणसं खाल्ली. खानापूरच्या पुढे मात्र बघता बघता काळोखून आलं आणि टपोरे थेंब सुरू झाले. मुलीच्या सायकलचे ब्रेक रिमवर दाबणारे. रिम ओली झाली की रबर नुसतं घासतं, सायकल पटकन थांबत नाही. उतारावर ती घाबरून रडायलाच लागली. त्यात विजा. एका टपरीवाल्या मावशींनी आत बोलावून धाकट्याला कोरडा टॉवेल दिला, त्यांचे उपकार विसरणार नाही. तासाभरात पुन्हा कडकडीत ऊन! पण मुलांचा धीर सुटला होता, टेम्पोत सायकली टाकून परतलो.

परतीच्या पावसात ढग बहुतेक दुपारनंतरच चढतात, तेव्हा पहाटे निघणं आलंच. दामिनी ॲपही घेतलंय, ते २० आणि ४० किमीच्या टप्प्यातल्या विजांचा इशारा देतं. पण त्या रस्त्यावर रेंज टिकते का? झाडाखाली थांबायचं नाही हे माहीत आहे, मग डोणजे ते पानशेत पट्ट्यात पक्क्या छपराच्या जागा कुठे आहेत? आणि लहान सायकलला डिस्क ब्रेक बसवून मिळतात, की नवीनच घ्यावी?

मुलगी पुन्हा जायचं म्हणतेय. तिची भीती मनात बसायच्या आत न्यायचंय, कृपया अनुभवी लोकांनी सांगा.