पॅनचा हॅश चेनवर ठेवला तर गोपनीयता राहते का? टोकनीकरण, केवायसी आणि डीपीडीपी

कडीसाखळी:
गिफ्ट सिटीतल्या रचनेचा आराखडा तपासायचा आहे. एका व्यावसायिक इमारतीची मालकी असलेल्या कंपनीचे हिस्से टोकन (ब्लॉकचेनवरची डिजिटल नोंद) म्हणून द्यायचे, सार्वजनिक ईव्हीएम चेनवर (इथेरियमच्या पद्धतीच्या ब्लॉकचेनवर), ईआरसी-३६४३ या ओळख तपासूनच हस्तांतर होऊ देणाऱ्या मानकाप्रमाणे. गुंतवणूकदार साधारण १४०. बहुतेक अनिवासी भारतीय, काही जर्मनी-नेदरलँड्समधले. सध्याचा बेत असा: केवायसी झालं की पॅनचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, थेट उलटा फिरवता येत नाही असा) आणि देशाचा कोड ओळख-नोंदवहीत टाकायचा, कागदपत्रं एन्क्रिप्ट करून आयपीएफएसवर (अनेक संगणकांवर पसरलेल्या फाइल-साठ्यावर) आणि त्यांचा पत्ता चेनवर.

तीन शंका आहेत. हॅश ही वैयक्तिक माहिती धरली जाईल का? डीपीडीपी (वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा) म्हणतो पुसा, पीएमएलए (मनी लाँडरिंगविरोधी कायदा) म्हणतो ठेवा, मग ऐकायचं कुणाचं? आणि झीरो-नॉलेज पुरावे (माहिती न दाखवता ती खरी असल्याचं सिद्ध करणारे) लावले तर हे सगळं एकदम सुटतं का?

हॅशबहाद्दर:
पॅनचा नुसता हॅश म्हणजे पॅनच. गणित करून बघा. व्यक्तीच्या पॅनमध्ये पहिली तीन अक्षरं कोणतीही, चौथं 'पी', पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर, मग चार आकडे आणि शेवटी एक अक्षर. शक्यता किती? २६ चा पाचवा घात गुणिले १०,०००, म्हणजे सुमारे ११,८८१ कोटी. आकडा मोठा वाटतो, पण सेकंदाला १०० कोटी हॅश काढणारं गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड तो दोन मिनिटांत चाळून मोकळं होतं. आडनाव माहीत असेल तर उरतात ४५७ कोटी. पाच सेकंद. मोबाईल नंबरचा हॅश तर त्याहून तकलादू: ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडी नंबर आहेतच मुळी ४०० कोटी.

सगळ्यांना एकच सॉल्ट (हॅश काढण्याआधी मिसळलेली जादा संख्या) लावून तो कोडमध्ये लिहिला तरी काही साधत नाही, कोड फुटला की सॉल्ट फुटला. हॅश ठेवायचाच असेल तर प्रत्येक गुंतवणूकदाराला आणि प्रत्येक टोकनला वेगळी ३२ बाइटची यादृच्छिक संख्या घ्या आणि ती चेनबाहेर ठेवा. मुदत संपली की ती संख्या आणि मूळ नोंद दोन्ही पुसायची. चेनवर उरलेल्या हॅशवरून मग कुणालाच मागे जाता येत नाही. एकच संख्या दोन टोकनांना वापरली तर 'हा तोच माणूस' एवढं कळतंच.

पण त्याआधी विचारा: स्मार्ट कराराला (चेनवर चालणाऱ्या कोडला) पॅन लागतो कशाला? ३६४३ मध्ये हस्तांतराच्या वेळी एवढंच तपासलं जातं की समोरच्या वॉलेटमागच्या ओळख-कराराकडे विश्वासू प्रमाणकाने सही केलेला, रद्द न झालेला दाखला आहे का. उत्तर हो किंवा नाही. घोळ होतो तो दाखल्यातल्या 'डेटा' आणि 'यूआरआय' या दोन खान्यांत. हौसेने तिथे नाव, पॅन, फाइलचा पत्ता भरला जातो. 'डेटा'त फक्त यादृच्छिक संदर्भ क्रमांक टाका, 'यूआरआय' रिकामं सोडा.

देशाचा कोडही उघडा असतो. भारत ३५६, नेदरलँड्स ५२८. १४० जणांत नेदरलँड्सचे दोघंच असतील तर नाव लिहायची गरजच उरली नाही. खऱ्या देशाऐवजी नियमांचा गट टाका, उदाहरणार्थ युरोपीय संघाला एकच आकडा, आणि कोणत्या गटात कोणते देश याचा तक्ता लेखापरीक्षकासाठी बाहेर ठेवा. देशाचे निर्बंध तपासणारं मोड्यूल त्या आकड्यावर तसंच चालतं.

आयपीएफएसचा नाद सोडा. दुसऱ्या कुणी ती फाइल धरून ठेवली तर ती पुसणं तुमच्या हातात राहत नाही, आणि किल्ली फुटली की १४० जणांची कागदपत्रं उघडी. साधा डेटाबेस, मर्यादित प्रवेश, प्रवेशाची नोंद. एवढं पुरे.

नियमावली:
दुसऱ्या शंकेबद्दल. दोन कायद्यांचं भांडण वाटतं तेवढं नाही. डीपीडीपी कायद्याच्या कलम ८(७) आणि १२(३) मध्येच सूट आहे: दुसऱ्या कायद्यासाठी माहिती ठेवणं आवश्यक असेल तर तोवर पुसायची नाही. पीएमएलएचं कलम १२ मुदत सांगतं. व्यवहाराच्या नोंदी व्यवहारापासून ५ वर्षं. ओळखीच्या नोंदी व्यावसायिक संबंध संपल्यापासून किंवा खातं बंद झाल्यापासून, जे नंतर असेल तिथून ५ वर्षं.

म्हणजे प्रत्येक गुंतवणूकदारामागे दोन घड्याळं चालतात. वॉलेटमधली शिल्लक शून्य झाली म्हणजे संबंध संपला असं नाही. खातं बंद केल्याची वेगळी नोंद हवी, नाहीतर दुसरं घड्याळ सुरूच होत नाही आणि माहिती कायमची पडून राहते. डीपीडीपीचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. तोवर वेळ आहे असं समजू नका, चेनवर आज लिहिलेलं तेव्हाही तिथेच असणार.

युरोपातल्या गुंतवणूकदारांना तुम्ही तिथे प्रस्ताव देत असाल तर जीडीपीआर (युरोपीय संघाचा डेटा संरक्षण कायदा) आलाच, आणि तो कडक आहे. युरोपीय डेटा संरक्षण मंडळाच्या एप्रिल २०२५ च्या मसुद्याचा रोख सरळ आहे: वैयक्तिक माहिती शक्यतो चेनवर टाकूच नका, आणि 'तांत्रिकदृष्ट्या पुसता येत नाही' ही सबब चालणार नाही.

सहसा कुणाच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे गोठवणं. ३६४३ मध्ये वॉलेट गोठवलं की तशी घटना चेनवर उमटते, ती कुणीही वाचू शकतं. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल एफआययूकडे (सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे) गेल्याचं ग्राहकाला कळता कामा नये. अहवालापाठोपाठ दहा मिनिटांत वॉलेट गोठवलंत तर तुम्हीच दवंडी पिटलीत. अहवाल आणि गोठवणं यांची गाठ स्वयंचलित बांधू नका. गोठवायचं ते आदेश आल्यावर. केवायसीची मुदत संपली तरी हाच मार्ग वापरा, म्हणजे गोठवण्यावरून कारण कळत नाही. व्यवहार नाकारतानाचा संदेशही सगळ्यांना एकच ठेवा. 'निर्बंध यादीत नाव' असा संदेश कोडमध्ये लिहिणारे महाभाग असतात.

कडीसाखळी:
हॅश आणि आयपीएफएस दोन्ही काढतो. पण शिल्लक तर उघडीच राहिली ना? झीरो-नॉलेजबद्दल कुणी सांगेल का?

मर्कलवाडी:
तुमच्या आकाराला झीरो-नॉलेज म्हणजे डास मारायला तोफ. १४० जणांचं मर्कल झाड (सगळ्या यादीचे हॅश जोडत एका मुळाशी आणणारी रचना) ८ पातळ्यांत बसतं, २५६ जागा. ग्रॉथ१६ या झीरो-नॉलेज पद्धतीचा पुरावा २५६ बाइटचा, पडताळणीला दोन लाखांहून जास्त गॅस (चेनवरचं शुल्क मोजायचं एकक). हे परवडेल. पण त्याने 'मी यादीत आहे' एवढंच झाकलं जातं. टोकनची शिल्लक आणि हस्तांतरं जशीच्या तशी उघडी राहतात. शिवाय गर्दी १४० जणांचीच, लपणार कुठे? केवायसी रद्द झालं की झाडाचं मूळ बदलायचं, आणि जुनं मूळ किती वेळ चालू द्यायचं हे ठरवायचं: जास्त वेळ दिला तर रद्द झालेला माणूस व्यवहार करून जातो, कमी दिला तर प्रामाणिक माणसाचा पुरावा वाटेतच शिळा होतो.

शिल्लक झाकायची असेल तर माझ्या मते एक साधा मार्ग आहे. टोकन कस्टोडियनच्या (इतरांची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेच्या) सामायिक वॉलेटमध्ये ठेवा, कुणाचे किती ही नोंदवही कस्टोडियनकडे. चेनवर फक्त एकूण आकडा दिसतो. किंमत अशी की अंतिम मालकाची तपासणी आता कोड करत नाही, कस्टोडियन करतो. त्याचं रोजचं ताळमेळ पत्रक बघितल्याशिवाय सही करू नका.

दुसरा मार्ग हायपरलेजर फॅब्रिक या फक्त ठरावीक सदस्यांसाठीच्या ब्लॉकचेनचा, खाजगी डेटा संच वापरून. २.५ आवृत्तीपासून खाजगी माहिती पुसण्याची सोय आहे. पण तिथेही माहितीचा हॅश चॅनेलवरच्या सगळ्यांकडे जातो, म्हणजे वरचं पॅनचं गणित पुन्हा लागू. सॉल्ट तिथेही हवाच.

हॅशबहाद्दर:
कस्टोडियनबद्दलच्या मताला दुजोरा. एक जोडतो: स्वतंत्र वॉलेटं ठेवलीत तर भाड्याचं वाटप स्टेबलकॉइनमध्ये (डॉलरसारख्या चलनाशी किंमत बांधलेल्या टोकनमध्ये) करू नका. लोक ते पैसे आपल्या रोजच्या वॉलेटमध्ये वळवतात आणि तिथेच दोन्ही वॉलेटं कायमची जोडली जातात. वाटप बँकेतून करा.

कडीसाखळी:
शेवटचं. टेस्टनेटवर (सरावासाठीच्या सार्वजनिक चेनवर) चाचणीला खऱ्या पॅनचे हॅश वापरले गेले असतील तर?

नियमावली:
माहिती फुटली असंच धरा. टेस्टनेट बंद पडलं तरी त्याच्या प्रती कुणाकडे आहेत हे सांगता येत नाही. ती वॉलेटं आणि ओळख-करार मेननेटवर (खऱ्या चेनवर) वापरू नका, त्या गुंतवणूकदारांना नवीन पत्ते द्या आणि काय घडलं ते लेखी कळवा. कोणत्या तारखेला कोणता हॅश कोणत्या व्यवहारात गेला याची यादी आजच करून ठेवा. यापुढे चाचणीला बनावट पॅन घ्या, चौथं अक्षर 'झेड' टाकून. त्या जागी ते अक्षर खऱ्या पॅनमध्ये येत नाही, त्यामुळे चुकून खरा पॅन घुसला तर स्क्रिप्ट तिथेच अडवेल.