बेअरिंग मोजू नका, ड्रॅग ओढून बघा
दादा, गळानं मासे धरायला अकरा बेअरिंगचं रीळ घ्यावं की पाचचं, असं विचारलंय तुम्ही. माझं पहिलं बारा बेअरिंगचं होतं! हिप्परगा तलावावर चांगला मरळ मासा लागला आणि ड्रॅग (मासा जोरात ओढला की दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक) सुटायचं नावच घेईना. दोरी तुटली, बेडूकही गेला. (गळाला लावलेला रबरी हो, खरा नव्हे.)

दुकानात दोरी बांधून हातानं हळूहळू ओढा. स्पूल (दोरी गुंडाळलेली फिरकी) धक्के न देता फिरला पाहिजे, सुरुवातीलाच अडकला तर ठेवून द्या परत. मग हँडल उलटं हलवून बघा, फार ढिलेपणा नको.

तुम्ही बघता ते व्हिडिओ अमेरिकेतल्या बास माशाचे. त्याला २५०० साइज (आकडा मोठा तसं रीळ मोठं) आणि ६.२:१ गिअर बरा, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात रोटर (दोरी स्पूलवर गुंडाळणारा भाग) सहा वेळा फिरतो, वर थोडा. आपल्या उजनीच्या बॅकवॉटरला बास कुठला? मरळ शेवाळात घुसतो, ओढून काढावा लागतो. तिथं मी ४००० साइज आणि ब्रेडच (विणलेली दोरी) वापरतो. ब्रेडखाली आधी मोनोचे (एकपदरी नायलॉन दोरीचे) दहा-बारा वेढे द्या, नाहीतर सगळी दोरी स्पूलवर घसरत राहते आणि आपण ड्रॅगला शिव्या देत बसतो.