शब्दचर्चा : वानगी, चाचणी की चाचपणी?

रावेरहून : आमचा बचत गट केळीचे वेफर्स करतो. नवी चव काढायची तर आधी छोटा घाणा तळायचा, साध्या पिशवीला स्टिकर लावायचं आणि ओळखीच्या दुकानांत ठेवायचं. गिऱ्हाईक परत मागायला आलं तरच छापील पाऊच. छपाईच्या सिलिंडरचा खर्च एकदा केला की गेलाच! बँकेच्या अर्जात या रीतीला काय म्हणू? मुलगा 'एमव्हीपी' (मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट, म्हणजे गिऱ्हाईक घेतं का बघायला काढलेला अगदी कामापुरता माल) लिही म्हणतो.

जळगावहून : ताई, फ्रँक रॉबिन्सनने २००१ साली काढलेला शब्द आहे तो. 'द लीन स्टार्टअप' हे उद्योगावरचं पुस्तक लिहिणाऱ्या एरिक रीसमुळे जगभर पसरला. मराठीत 'किमान व्यवहार्य उत्पादन' करतात, वाचतानाच जीभ अडखळते. सरळ 'वानगी' लिहा.

धुळ्याहून : भाऊ, वानगी नाही चालणार. वानगी म्हणजे भरलेल्या पोत्यातली मूठ. माल तयार असतो, प्रश्न फक्त भावाचा. इथे पोतं भरायचं की नाही हेच ठरायचंय. १९९९ मध्ये निक स्विनमर्नने दुकानांतल्या बुटांचे फोटो काढून साइटवर टाकले. ऑर्डर आली की त्याच दुकानातून विकत घेऊन पाठवायचा. स्वतःचा साठा शून्य. त्यातूनच पुढे झॅपोस ही ऑनलाइन बूट विकणारी अमेरिकन कंपनी उभी राहिली. वानगी दाखवायला त्याच्याकडे होतं काय? लोक बूट घालून न बघता घेतील का, एवढंच त्याला पाहायचं होतं. अहिराणीत आपण 'करीसन दखा' (करून बघा) म्हणतो तसलं. माझं मत 'चाचपणी'ला.

अमळनेरहून : 'चाचणी' का नको?

धुळ्याहून : चाचणी मालाची. वेफर कुरकुरीत राहतो का, तेल खवट होतं का, हे ताईंना घरीच कळतं. चाचपणी गिऱ्हाइकाची. आणि ती पैसे घेऊनच करायची. फुकटचा वेफर खाऊन 'वाईट आहे' म्हणणारा पाहुणा मी तरी पाहिला नाही.

जळगावहून : पण 'चाचपणी' म्हटलं की निवडणुकीतले इच्छुक आठवतात.

धुळ्याहून : आठवू द्या की. तिकीट देण्याआधी पक्षही तेच बघतो. फक्त तिथे पडलेला घाणा कोणी टाकून देत नाही.

रावेरहून : मग 'पाऊच छापण्यापूर्वी दुकानांत विक्रीची चाचपणी' असं लिहिते. 'प्रायोगिक तत्त्वावर' हा शब्दही सुचला होता, पण तसल्या सरकारी पाट्या वर्षानुवर्षे लटकलेल्या असतात. आमच्या चिंच-गुळाच्या वेफर्सना परत कोणी विचारलं नाही, ते आम्ही पंधरवड्यात बंद केले.